लिलाव कांद्याचा आणि लिलाव चित्रांचा

१२ जून २०२५ रोजी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेट भागातील ‘पंडोल’ या लिलावगृहात एम. एफ. हुसेन यांची पंचवीस चित्रे विकली गेली. विक्रीची रक्कम ६७ कोटी रुपयांच्या पुढे गेली. वृत्तपत्रांनी या बातमीस जागा दिली ती अर्थातच आकड्यासाठी. परंतु तिच्यातील एक तपशील नाशिक जिल्ह्यातील वाचकाने विशेष लक्षात घ्यावा असा होता. ही विक्री कोणा रसिकाने हौसेने काढलेली नव्हती. एका उद्योगसमूहाकडे थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी, मुंबई उच्च न्यायालयाच्या परवानगीने ती झाली. आणि ते कर्ज दिले होते ‘नाफेड’ने. भाव स्थिर राखण्याच्या योजनेत कांदा खरेदीस उतरणारी, आणि ती केव्हा उतरणार व काय भावाने घेणार या चर्चेने लासलगाव-पिंपळगावची हॉटेले गजबजवून सोडणारी, तीच ही सहकारी संस्था. शेतमालाशी नाते सांगणाऱ्या संस्थेस आपला पैसा हुसेन यांच्या चित्रांतून वसूल करावा लागावा, हा योग विलक्षण खरा.

सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत वावरणाऱ्या माणसास अशा बातम्यांचे कोडे पडते. येथे किंमत कशी ठरते हे सर्वांस ठाऊक आहे. कच्चा माल, मजुरी, वीज, यंत्राचा घसारा, वरखर्च, त्यावर नफा, अशी बेरीज मांडून नगाचा भाव निघतो. आणि मोठा कारखाना तो भाव दरवर्षी पैशापैशाने खाली ओढत असतो. या हिशेबात चित्र बसवून पाहावे. कापड, रंग, चौकट आणि काही आठवड्यांचे श्रम. बेरीज काही हजारांपुढे जाणार नाही. वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये ‘सॅफ्रनआर्ट’च्या लिलावात ६७ कोटी ८ लाख रुपयांस गेले. म्हणजे नाफेडच्या वसुलीतील पंचवीस हुसेन आणि हा एक गायतोंडे, यांची रक्कम जवळजवळ सारखीच! सातपूरचा कोणताही हिशेबनीस हा ताळेबंद जुळवू शकणार नाही. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून चलनी नोटा निघतात. त्या कागदास किंमत येते ती सरकारच्या वचनामुळे. चित्राच्या मागे वचन कोणाचे असते?

लिलाव ही गोष्ट नाशिककरांस नवी नाही. ट्रॉली बाजार समितीच्या आवारात उभी राहते, व्यापारी तिच्याभोवती गोळा होतात, कांदा हातात घेऊन पाहतात, पुकारा सुरू होतो आणि अर्ध्या-एक मिनिटात भाव फुटतो. माल ज्याने पिकविला तो तेथेच उभा असतो. भाव पटला नाही तर ट्रॉली परत नेण्याचे, निदान कायद्याने, त्यास स्वातंत्र्य असते. आणि अगदीच अन्याय झाला तर लिलाव बंद पाडण्याचे शस्त्रही त्याच्याजवळ असते. हमाली आणि तोलाई भरून जे उरेल ते त्याचे. ते पुरेसे नसते हा भाग वेगळा. पण पुकारलेल्या भावाचे आणि पिकविणाऱ्याचे नाते उघड असते.

चित्रांच्या लिलावात हे नातेच नसते. तेथे विकणारा चित्रकार नसतो. तो असतो चित्राचा दुसरा, तिसरा वा चौथा मालक. चित्रकाराने आपल्या हयातीत, बहुधा गरजेपोटी, ते कधीच विकून टाकलेले असते. कांद्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा चाळीतून निघालेल्या मालाचा बाजार आहे. आणि चाळ व्यापाऱ्याची असली म्हणजे भाववाढीचा लाभ कोणास होतो, हे निफाड-चांदवडच्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याचे कारण नाही.

ज्या चित्रांचे आज एवढे मोल होते, ती जन्मास आली तेव्हा त्यांना बाजार जवळजवळ नव्हताच. १९४७ साली, लासलगावची बाजार समिती सुरू झाली त्याच वर्षी, मुंबईत सहा तरुणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रूप’ काढला. फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा, हुसेन, के. एच. आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाक्रे. सोझा गोव्याच्या साळगावचे, जे. जे. कलाशाळेतून त्यांस १९४५ साली काढून टाकण्यात आले होते. हुसेन चित्रपटांचे फलक रंगवीत. आरा घरगडी म्हणून राबले, मोटारी धुण्याचे काम करीत होते. गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे. तत्कालीन कलाशाळांतील तंत्रनिष्ठ, गोंडस चित्रणाचा आणि पौराणिक देखाव्यांचा या मंडळींस वीट आला होता. १९४९ साली त्यांचे प्रदर्शन भरले, त्याचे उद्‌घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. पाठीशी उभे राहिले ते युरोपातील नाझी छळाच्या काळात मुंबईस आलेले तीन परदेशी: वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडेन आणि एमॅन्युएल श्लेसिंजर. एकाने शिकविले, दुसऱ्याने वृत्तपत्रांतून लिहिले, तिसऱ्याने चित्रे विकत घेतली. पुढे केकू गांधी यांनी चौकटींच्या धंद्यातून चित्रदालन उभारले, आणि होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी चित्रे निवडून घेतली. या सगळ्या व्यवहारात पैसा अल्प होता. सोझा १९४९ साली लंडनला गेले, रझा १९५० साली पॅरिसला, बाक्रे १९५१ साली लंडनला. तिघांच्या या प्रयाणामागे कलेची ओढ होती तशीच उपजीविकेची विवंचनाही होती.

समाजाचा रोषही या पिढीच्या वाट्यास आला. अकबर पदमसी यांच्यावर १९५४ साली जहांगीर कलादालनातील दोन चित्रांवरून अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्यातून ते निर्दोष सुटले. हुसेन यांना तर नव्वदीच्या घरात असताना देश सोडावा लागला, आणि २०११ साली त्यांचे निधन झाले ते लंडनमध्ये. त्यांचे १९५४ सालचे ‘ग्राम यात्रा’ हे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र नॉर्वेत स्थायिक असलेल्या एका शल्यचिकित्सकाने त्याच वर्षी दिल्लीत विकत घेतले होते. ते नॉर्वेला गेले, ऑस्लोच्या रुग्णालयास देणगी म्हणून मिळाले आणि कित्येक दशके तेथील भिंतीवर राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ‘ख्रिस्तीज’च्या लिलावात त्यास १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये आले. लिलावगृहाचा स्वतःचा अंदाज २५ ते ३५ लाख डॉलरचा होता. त्या रुग्णालयास लाभ झाला याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. ते पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी खर्च व्हावयाचे आहेत. पण जाणकार म्हणविणाऱ्यांचा अंदाज चौपट चुकतो, तेव्हा ‘चित्राची किंमत’ या शब्दांत कितपत अर्थ आहे हा प्रश्न उरतोच.

येथे रशियाचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल, कारण किंमत कशी घडविली जाते हे तेथे फार उघडपणे दिसले. सोव्हिएत राजवटीत सरकारमान्य चित्रकार संघाच्या बाहेर राहून, ठरवून दिलेली वास्तववादी शैली नाकारणारा चित्रकारांचा एक वर्ग होता. त्यांस प्रदर्शनगृह नव्हते, बाजार नव्हता. १५ सप्टेंबर १९७४ रोजी ऑस्कर राबिन आदींनी मॉस्कोच्या बेल्यायेवो भागात उघड्या मैदानावर चित्रे मांडली, तेव्हा त्यांच्यावर बुलडोझर आणि पाण्याचे बंब सोडण्यात आले. इल्या काबाकोव्ह मुलांच्या पुस्तकांस चित्रे काढून पोट भरीत आणि आपली खरी चित्रे मित्रांना दाखवीत. या चित्रांस ‘शून्य किंमत’ होती असे म्हणावयास हरकत नाही. त्याच सुमारास नॉर्टन डॉज नावाचे एक अमेरिकन अर्थशास्त्राचे प्राध्यापक सोव्हिएत अर्थव्यवस्थेच्या अभ्यासाच्या निमित्ताने तेथे जात आणि ही चित्रे जमवीत. हा संग्रह हजारोंच्या संख्येने वाढला आणि अखेर रटगर्स विद्यापीठाच्या संग्रहालयात गेला.

मग ७ जुलै १९८८ रोजी ‘सदबीज’ने मॉस्कोतच लिलाव केला. ग्रीशा ब्रुस्किन यांचे एक चित्र २,४२,००० पौंडांस गेले. जे चित्र कालपर्यंत स्वतःच्या देशात दाखविता येत नव्हते, ते एका संध्याकाळीत युरोपच्या मोठ्या चित्रकारांच्या पंक्तीस बसले. पुढे सोव्हिएत संघ कोसळला, रशियात तेल आणि धातूंवर गबर झालेला नवा धनिक वर्ग उदयास आला, आणि त्यास आपल्या देशाची ‘आधुनिक परंपरा’ विकत घेण्याची इच्छा झाली. २००८ च्या फेब्रुवारीत काबाकोव्ह यांचा ‘भुंगा’ लंडनमध्ये २९ लाख पौंडांवर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभर मंदी आली. आणि २०२२ साली युक्रेनवर आक्रमण झाल्यावर लंडनच्या मोठ्या लिलावगृहांनी रशियन कलेचे आपले ठरलेले लिलावच रद्द केले. भुंगा तोच, रंग तेच. बाहेरचे जग तेवढे बदलले.

आपल्याकडे हुकूमशाही नव्हती आणि बुलडोझरही आले नाहीत, म्हणून ही तुलना सर्वांशी लागू पडत नाही. तथापि किमतीची यंत्रणा तीच. येथेही आधी परदेशी रसिक आले, मग परदेशी लिलावगृहे, मग देशाबाहेर स्थायिक झालेले भारतीय, आणि १९९१ नंतरच्या समृद्धीतून आलेला येथील नवा धनिक. २००२ साली तय्यब मेहता यांचे ‘सेलिब्रेशन’ न्यूयॉर्कला ३ लाख १७ हजार डॉलरांस गेले तेव्हा तो विक्रम होता. तीनच वर्षांत त्यांचे ‘महिषासुर’ १५ लाख डॉलरांच्या पुढे गेले. मागोमाग चित्रांत पैसे गुंतविणारे निधी निघाले. चित्र न पाहता त्याचा हिस्सा विकत घेण्याची ती कल्पना! २००८ च्या मंदीत त्यांची जी गत झाली ती गुंतवणूकदारांस अद्याप आठवत असेल.

१९ डिसेंबर २०१३ रोजी ‘ख्रिस्तीज’ने मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला भारतातील पहिला लिलाव केला. त्यात गायतोंडे यांचे १९७९ सालचे चित्र २३ कोटी ७० लाखांस गेले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे समग्र प्रदर्शन भरविले, आणि २०१५ साली त्यांचेच दुसरे चित्र २९ कोटींच्या पुढे गेले. विक्रम, संग्रहालयाची मान्यता, पुन्हा विक्रम: हा क्रम योगायोगाचा नव्हे. संग्रहालय किमतीकडे पाहून प्रदर्शन भरविते असे मला सुचवावयाचे नाही. गायतोंडे त्या मानास सर्वस्वी पात्र होते. पण संग्रहालयाच्या भिंतीवरून उतरलेले चित्र पुन्हा जुन्या भावाने मिळत नाही, हे व्यापारी चांगले जाणतात.

आकड्यांतही बरेच काही दडलेले असते. जाहीर होणाऱ्या रकमेत हातोडा पडला तेव्हाची बोली आणि लिलावगृहाने खरेदीदाराकडून वर घेतलेले शुल्क, असे दोन्ही मिसळलेले असतात. हे शुल्क बोलीच्या पाचव्या हिश्श्याच्या आगेमागे असते. विकणाऱ्याने एक गुप्त किमान किंमत ठरवलेली असते. काही वेळा चित्र अमुक रकमेखाली जाणार नाही अशी हमी लिलावापूर्वीच कोणी तिसऱ्याने दिलेली असते. बोली चढली तर नफ्यात तिचा वाटा, न चढली तर चित्र तिचे. आपल्या बाजार समितीत अशी हमी देणारा व्यापारी पुकाऱ्यात उभा राहिला असता तर काय गदारोळ झाला असता! शिवाय वर्तमानपत्रांत येते ती विकल्या गेलेल्या चित्रांची यादी. बोलीविना परत गेलेली चित्रे शांतपणे गोदामात जातात. बाजार समिती निदान किमान, कमाल आणि सरासरी असे तिन्ही भाव फळ्यावर लिहिते.

आणि एकाच संघातील सहा जणांपैकी बाजाराने निवडले किती? हुसेन, रझा, सोझा. रझा यांचे ‘जेस्टेशन’ २०२३ साली ५१ कोटींच्या पुढे गेले. आरांची फुलदाण्यांची चित्रे विकली जातात, पण त्या उंचीवर नाही. गाडे आणि बाक्रे यांची नावे तर मोठ्या विक्रमांच्या बातमीत शोधूनही सापडत नाहीत. बाक्रे इंग्लंडातून परतले ते कोकणात, दापोलीजवळच्या मुरूडास, आणि २००७ साली तेथेच वारले. त्यांची चित्रे आणि शिल्पे इतरांहून इतकी उणी होती काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. त्यांच्यामागे दलाल, संग्राहक आणि वारसांची साखळी तयार झाली नाही, एवढेच.

निर्यातबंदीचा एक मुद्दा ओघाने आला म्हणून सांगतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासह नऊ चित्रकारांच्या कलाकृती देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यांतील एक, निकोलाय रोरिक, जन्माने रशियन आणि कुलूच्या खोऱ्यात स्थायिक झालेले. निर्यात अडवली की भाव पडतो, हे लासलगावला डिसेंबर २०२३ नंतर कोणी नव्याने शिकवावयास नको. पण चित्रांचे येथे उलटच झाले. शेरगिल यांचे ‘द स्टोरी टेलर’ त्याच वर्षीच्या सप्टेंबरात देशातच ६१ कोटी ८० लाखांस गेले. देशातील श्रीमंती एवढी वाढली की तीस परदेशी गिऱ्हाइकाची गरज उरली नाही.

मूळ प्रश्न आहे तो चित्रकाराच्या हक्काचा. गायतोंडे दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील लहानशा जागेत वर्षानुवर्षे राहिले. १९८४ सालच्या अपघाताने त्यांच्या कामात दीर्घ खंड पडला. ऑगस्ट २००१ मध्ये ते गेले. मराठीत ‘चिन्ह’ने त्यांच्याविषयी मनापासून काम केले, त्यामुळे त्यांचे विरक्त जीवन वाचकांस परिचित आहे. ही विरक्ती त्यांनी स्वतः पत्करलेली होती, तिचे भांडवल करू नये. परंतु विरक्त माणसाचाही न्याय्य वाटा बुडवावयाचा नसतो.

आणि असा वाटा भारताच्या कायद्यात आहे! ही गोष्ट फारशा कोणाला ठाऊक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ घालण्यात आले. चित्र, शिल्प वा रेखाटनाची मूळ प्रत दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकली गेली, तर त्या किमतीत चित्रकारास, वा त्याच्या पश्चात वारसांस, हिस्सा मिळण्याचा हक्क आहे. हा हिस्सा दहा टक्क्यांहून अधिक असू नये एवढीच मर्यादा. कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत, म्हणजे मृत्यूनंतर साठ वर्षे, हा हक्क टिकतो. १९८५ साली वारलेल्या आरांच्या बाबतीत तो २०४५ अखेर आहे.

मग तो मिळत का नाही? कारण नेमका किती टक्के, हे कलमात लिहिलेलेच नाही. ते ठरविण्याचे काम आधी कॉपीराइट मंडळावर सोपविले. पुढे ते मंडळ बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन झाले. आणि २०२१ मध्ये तेही मंडळ रद्द झाल्यावर हा अधिकार न्यायालयांकडे आला. वसुली कोणी करावी, विक्रीची माहिती चित्रकारास कोणी द्यावी, याची तरतूद नाही. ज्या वारसास आपले चित्र विकले गेले हे वर्तमानपत्रातून कळते, त्याने करोडोंच्या व्यापाऱ्यांविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी, अशी ही व्यवस्था. फ्रान्सने असा कायदा १९२० साली केला. युरोपीय संघाने २००१ साली तो सर्व सदस्य देशांस लागू करण्याचे ठरविले, आणि लंडनच्या व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला तरी ब्रिटनमध्ये २००६ पासून तो सुरू झाला. तेथे किमतीच्या टप्प्यांप्रमाणे चार टक्क्यांपासून उतरता दर आहे, वर कमाल रकमेची मर्यादा आहे, आणि वसुली चित्रकारांच्या संस्था करतात. लंडनचा बाजार त्यामुळे बुडाला नाही.

व्यापारी म्हणतील की असा भार टाकाल तर विक्री दुबईस जाईल, न्यूयॉर्कला जाईल. ज्या बाजारात पाचवा हिस्सा शुल्क आणि वर कर भरूनही विक्रम होतात, तेथे एक टक्क्याने गिऱ्हाईक पळेल हे मला पटत नाही. गायतोंडे यांच्या त्या एका चित्रावर एक टक्का म्हणजे ६७ लाख रुपये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लाभ होणार तो मुख्यतः नामवंतांच्या वारसांस, झगडणाऱ्या तरुण चित्रकारास नव्हे. हे बव्हंशी खरे आहे. पण यावर उपाय कलम मोडीत काढणे हा नसून मर्यादा खाली ठेवणे हा आहे. दहा हजारांच्या पुनर्विक्रीचा हक्क नाशिकच्या चित्रकारासही आहे. ज्या शहरात शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांनी जलरंगाची परंपरा जोपासली, जेथे गोदाघाटावर आजही कलाशाखेची मुले सकाळी कागद घेऊन बसतात, तेथील चित्रे उद्या कोणाच्या हाती किती पटींनी विकली जातील हे आज कोणी सांगावे? जिचा वारस कोणीच नाही अशा कलाकृतीचा हिस्सा चित्रकारांच्या कल्याणनिधीत घालता येईल.

आरंभ करण्यास सरकारला दूर जाण्याचीही गरज नाही. मार्च २०१९ मध्ये प्राप्तिकर खात्याने एका फरारी हिरे व्यापाऱ्याकडून जप्त केलेली चित्रे लिलावास काढली. त्यांत गायतोंडे यांचे १९७३ सालचे एक चित्र होते, आणि त्यास २५ कोटी २४ लाख रुपये आले. विक्रेते सरकार, कायदा सरकारचा, आणि लिलाव भर मुंबईत. २०२५ चा नाफेडसाठीचा लिलाव तर न्यायालयाच्याच देखरेखीखाली झाला. निदान अशा सक्तीच्या विक्रीत तरी चित्रकाराचा हिस्सा आधी बाजूस काढावा, आणि कलम ५३-अ मध्ये ‘दहा टक्क्यांपर्यंत’ या मोघम शब्दांऐवजी निश्चित दर आणि वसुलीची यंत्रणा घालणारे दुरुस्ती विधेयक संसदेत यावे. लिलावगृहांच्या सूचीपत्रात शुल्काचा रकाना असतो, कराचाही असतो. तिसऱ्या रकान्यासाठी पानावर जागा पुष्कळ आहे.